डिस्क शंभर टक्के, सूट पंच्याहत्तर

आमच्या घरी लॅपटॉप सुरू व्हायला किती वेळ लागतो हे कुकरच्या शिट्ट्यांवर मोजायची पद्धत पडली होती. पहिल्या शिट्टीला पासवर्डची चौकट यायची, दुसरीला डेस्कटॉप, तिसरीला त्यावरची चित्रं, आणि कुकर उतरून आमटीला फोडणी पडेपर्यंत वर्डची फाइल. सुचलेलं पहिलं वाक्य दुसऱ्या शिट्टीलाच वाफ होऊन गेलेलं असे. मग दुसरं लिहावं लागे. या सदरात गेली काही वर्षं तुम्ही वाचताय ती सगळी दुसरी वाक्यं आहेत.

लॅपटॉप २०१५ सालचा. इंटेलच्या पाचव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, शिवाय डीव्हीडीचा खण. त्या काळी भरल्या घरचा म्हणावा असा. अलीकडे त्याचा पंखा असा घरघरू लागला होता की बायको झोपेतच मला कूस बदलायला सांगायची. टास्क मॅनेजर उघडून पाहावं (तो उघडायलाही अर्धी शिट्टी), तर समोर लालभडक आकडा: डिस्क १०० टक्के. मी काही करत नाही, लॅपटॉप काही करत नाही, डिस्क मात्र शंभर टक्के कामात. कोणत्या कामात, ते विचारायचं नाही. अशी माणसं मी साहित्य संमेलनाच्या स्वागत समितीत पाहिली आहेत.

"मामा, एसएसडी टाक," भाचा फोनवर म्हणाला. तो हिंजवडीत असतो. पोह्यांत शेंगदाणे टाक म्हणावं, तितक्या सहज म्हणाला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हार्ड डिस्क म्हणजे आत गरगरणारी तबकडी आणि तिच्यावरून पुढेमागे सरकणारा एक बारीक हात. ग्रामोफोनच, फक्त डबाबंद. माझी तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरायची. ऐकायला भारी वाटतं, पण गणित मांडलं तर एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. विंडोज सुरू होताना हजारो चिल्लर फायली मागवतं आणि त्या तबकडीवर जिथं जागा मिळाली तिथं पांगलेल्या असतात. प्रत्येकीसाठी हात सरकणार, मग हवा तो तुकडा फिरत फिरत खाली येईपर्यंत ताटकळणार. सेकंदाला अशा धड शंभर खेपाही होत नाहीत. सातबाराच्या एकेका उताऱ्यासाठी तलाठ्याने उठायचं, दप्तर सोडायचं, उतारा काढायचा, दप्तर बांधायचं आणि परत येऊन खुर्चीत बसायचं, असा तो कारभार. एसएसडीत हलणारं काहीच नाही. उतारा मागितला की हातात. जी वाट दहा-पंधरा मिलिसेकंदांची, ती एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास येते. म्हणजे प्रोसेसर बिचारा दहा वर्षं खिडकीपाशी रांगेत उभा होता, आणि शिव्या मी त्याला घालत होतो.

आता सूट.

हा सल्ला मिळाला सप्टेंबर २०२५मध्ये. २१ तारखेला सर्वपित्री झाली, कावळे पानावरून उठले, आणि पाठोपाठ सेल लागले. दुसऱ्याच दिवशी, २२ तारखेला, जीएसटीचे नवे दर आले. एसी आणि मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८वर उतरले. एसएसडी आधीही १८वर होती, नंतरही १८वरच राहिली. पण सणासुदीला कोण कोणाची पत्रिका बघतो? तीही कपाळाला तोरण बांधून जाहिरातीत उभी होती. १ टीबी. किंमत १७,९९९ रुपये, त्यावर काट, खाली ४,४९९. सूट ७५ टक्के.

१७,९९९ रुपये मोजून ही वस्तू नेलेला माणूस मला भेटायचाय. एमआरपी म्हणजे याच्या वर घ्यायचं नाही अशी कायद्याने घातलेली हद्द. तेवढ्याला एक तरी नग विकला गेला पाहिजे, असं काही तो कायदा म्हणत नाही. म्हणजे ही किंमत कोणी द्यावी म्हणून छापलेली नसते, खोडता यावी म्हणून छापलेली असते. पडदा उघडताच खून होणारं पात्र असतं ना रहस्यनाटकात, तसं तिचं काम. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. तरीही १३,५०० रुपये वाचल्याचा खराखुरा आनंद झाला, हे नमूद केलं पाहिजे. जे माझ्याकडे कधी नव्हतेच, ते वाचवायला फार सोपे जातात.

पानावर घड्याळ उलटं चाललं होतं: सौदा संपायला १४ मिनिटं, शिल्लक फक्त ३ नग. लॅपटॉपवर पैसे भरायचं पान उघडेपर्यंत ती १४ मिनिटं संपली. मग मोबाइलवरून ऑर्डर दिली. (दुसऱ्या दिवशी सहज पाहिलं. तोच सौदा, तीच १४ मिनिटं, आणि शिल्लक पुन्हा तीन. रात्रीतून व्यायली असावी.)

पार्सल आलं. खोक्यात खोकं, त्यात हवेच्या पिशव्या, त्यात पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याच्या पोटात एक पट्टी. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. रेल्वेचं जुनं पुठ्ठ्याचं तिकीट जरा ताणून अरुंद केलं तर होईल तेवढी. १९५६ साली आयबीएमने पहिल्यांदा हार्ड डिस्क असलेलं यंत्र बाजारात आणलं, तेव्हा दोन-दोन फुटांच्या ५० तबकड्या आणि टनभर लोखंड मिळून त्यात ५० लाख अक्षरं मावत. या पट्टीत अशी दोन लाख यंत्रं बसली असती. मी ती तळहातावर घेऊन बायकोला हे सांगितलं. "साडेचार हजार ना?" ती म्हणाली. "डबीत घालून नाही दिली?"

संध्याकाळी भाच्याला व्हिडिओ कॉल लावला.

"मामा, ही एनव्हीएमई आहे."

"एसएसडीच आहे. खोक्यावर लिहिलंय."

"हो, पण हिला एम.२ स्लॉट लागतो. तुझ्यात आहे का?"

माझ्यात नव्हता. लॅपटॉपमध्येही नव्हता. २०१५च्या माझ्या या खटाऱ्याला अडीच इंची, चपट्या, साटा जोडणीच्या एसएसडीखेरीज दुसरी चालत नाही. ती पत्त्याच्या जोडासारखी दिसते, ही पट्टीसारखी. दोघींचं आडनाव एसएसडी. आडनाव बघून स्थळ पक्कं केलं आणि मुलगी बघायची राहून गेली, त्यातला प्रकार. त्यातही पट्ट्यांमध्ये पोटजाती असतात. दिसायला पट्टी पण आतून साटा, अशीही एक असते, आणि खाचा कुठे आहेत त्यावरून ती ओळखतात. भाचा खाचा समजावून सांगत होता. मी परतीचा नियम वाचत होतो. वस्तू सदोष असेल तरच बदलून मिळेल, असं त्यात म्हटलं होतं. वस्तूत दोष नव्हता.

"नव्वद टक्के लोकांचं हेच होतं," भाचा म्हणाला. हा आकडा त्याने कुठून काढला देव जाणे, पण मामाला धीर द्यायला म्हणून ठेवून घेतला. "केसिंग घे एक आठ-नऊशेचं, बाहेरून वापर." आता या पट्टीवर आणखी एक रुपया घालणार नाही, असं मी जाहीर केलं. ती खणात गेली, जुन्या चार्जरांच्या सोबतीला.

दुःखात माणूस वाचन करतो. फ्लॅश मेमरी, म्हणजे एसएसडीचा जीव, शोधून काढली जपानच्या फुजिओ मासुओका यांनी. ते तोशिबात नोकरीला होते. १९८४ साली त्यांनी ती पहिल्यांदा जगापुढे मांडली, आणि १९८७ साली तिची नँड नावाची जात, जी आज तुमच्या मोबाइलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये आणि माझ्या खणात आहे. आतली माहिती एका झटक्यात पुसली जाते हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून हे नाव. साठवायच्या वस्तूचं बारसं ती पुसते किती छान यावरून झालं, हे मला फार आवडलं. पुढे मासुओकांनी तोशिबावर दावा लावला: माझ्या शोधाचा मोबदला म्हणून १०० कोटी येन द्या. २००६ साली तडजोड झाली ती ८.७ कोटी येनवर. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ९१ टक्के सूट. या सबंध धंद्यात एवढी मोठी, आणि शिवाय खरी, सूट मला दुसरी सापडलेली नाही.

शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवाला तुम्हाला भडकमकरांच्या घरी नेऊ का, असं विचारेल. डोंबिवलीहून दादर, आणि दादरहून पश्चिमेची स्लो, कारण फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही. वेग विकत आणायला निघालेला माणूस स्लो लोकलच्या खिडकीत बसून प्रत्येक स्टेशन मोजत होता.

दुकान कसलं, तीन फुटी काउंटर. मागे छतापर्यंत खोकी, आणि मोबाइलमधून मान वर न काढता बोलणारा एक पोरगा. अडीच इंची, पाचशे जीबी म्हटल्यावर त्याने विचारलं, "टीएलसी या क्यूएलसी?" मी म्हटलं, चांगली. तो पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून हसला.

हा टीएलसी-क्यूएलसीचा मामला समजून घ्यायला तीच जागा योग्य. पलीकडे गिरगाव. चाळीची खोली डोळ्यांसमोर आणा. फ्लॅशमधली एकेक पेशी म्हणजे एकेक खोली. खोलीत एकच बिऱ्हाड असेल तर ती एसएलसी, दोन असतील तर एमएलसी, तीन असतील तर टीएलसी, आणि चार बिऱ्हाडं कोंबली की क्यूएलसी. खोली तेवढीच. माळे चढवायचे नाहीत, भाडेकरू चौपट, म्हणून स्वस्त. पण एकच बिऱ्हाड असताना विजेच्या दोन पातळ्या ओळखल्या की भागतं. चार झाली की सोळा पातळ्या वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. कोणाचा स्टोव्ह कोणता, कोणाची कळशी कोणती. त्यामुळे वाचायला वेळ, लिहायला त्याहून वेळ, आणि पुसून-लिहून, पुसून-लिहून भिंती लवकर झिजतात. किती लिहिल्यानंतर कंपनी वॉरंटीतून हात काढून घेणार, याचा आकडा माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू या नावाने लपलेला असतो.

वर मालकाची युक्ती. पुढचा व्हरांडा मोकळा ठेवायचा. पेशींचा काही भाग तात्पुरता एकबिऱ्हाडी म्हणून वापरतात. पाहुणे आले की आधी व्हरांड्यात सतरंजी. वा, काय ऐसपैस जागा! चार पाहुण्यांचं स्वागत झकास होतं. लग्नाचं वऱ्हाड आलं, म्हणजे तुम्ही एका दमात पन्नास-शंभर जीबीचे व्हिडिओ ओतायला घेतले, की व्हरांडा भरतो आणि एकेकाला आतल्या खोलीत कोंबायची पाळी येते. मग स्वस्तातल्या क्यूएलसीचा वेग पार हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात सेकंदाला साडेपाचशे एमबी छापलेलं असतं ना, तो व्हरांड्याचा वेग.

मी टीएलसी घेतली. माझ्याकडे वऱ्हाड येत नाही, पण एकदा फसलेला माणूस जातिवंत मालच मागतो.

"अंकल, बिल चाहिए क्या?"

बिलासकट ३,४००. बिल नको असेल तर २,९००. मघाशी त्या मुलाच्या चेहऱ्यावर आलेलं हसू आता माझ्या चेहऱ्यावर आलं. इतक्या दिवसांच्या सेलमध्ये एवढी प्रामाणिक सूट मला कोणी देऊ केली नव्हती. छापील किंमत नाही, उलटं घड्याळ नाही, थेट सरकारच्या वाट्याचे अठरा टक्के काढून माझ्या हातावर ठेवत होता. मी बिल घेतलं. देशप्रेमाने नव्हे. तीन वर्षांची वॉरंटी होती आणि तिला कागद लागतो.

तिथून पुढे गोसाव्याच्या लंगोटीची गोष्ट सुरू झाली. लंगोटी उंदीर कुरतडतात म्हणून मांजर, मांजराला दूध म्हणून गाय, गायीला सांभाळायला म्हणून बायको. मला बायको आधीपासून होती, त्यामुळे खर्च तेवढा वाचला. जुन्या डिस्कवरचं नव्यावर ओतायचं तर साटाची यूएसबी केबल हवी, ३५० रुपये. जुनी डिस्क फेकवत नाही, ती डीव्हीडीच्या खणात बसवायची तर कॅडी हवी, ४५०. हातासरशी ४ जीबी रॅम वाढवा अंकल, नाहीतर एसएसडीचा काय उपयोग, १,१००. स्क्रूड्रायव्हरचा सेट ३९९, त्यात ३२ टोकं, त्यातलं लागणार एक. खणातल्या पट्टीसह एकूण १०,१९८ रुपये. वडापाव आणि रेल्वे वेगळी. त्याच आठवड्यात या लॅपटॉपला एक्स्चेंजमध्ये २,१०० रुपये देऊ करण्यात आले होते.

इमारतीतल्या एका सद्गृहस्थांनी हा हिशेब ऐकून मला खुळ्यात काढलं. त्यांनी २ टीबीची एसएसडी १,२९९ रुपयांत मिळवली होती, ऑनलाइनच, घरपोच. त्यांच्या लॅपटॉपवर ती खरंच २ टीबी दाखवत होती. मी हेवा केला, खोटं कशाला बोलू. पंधरवड्याने नातवाच्या वाढदिवसाचे व्हिडिओ उघडेनात. फायलींची नावं होती, आत काही नव्हतं. भाच्याने ती वस्तू माझ्यासमोर उकलली. आत एक मोबाइलचं मेमरी कार्ड चिकटवलेलं, आणि हाताला जड लागावं म्हणून लोखंडाची पट्टी. कार्ड ६४ जीबीचं. आतल्या चिपला '२ टीबी सांगायचं' एवढं पढवलेलं. जागा संपली की ती नवं जुन्यावरच लिहीत सुटते आणि वर तोंडाने सांगते, ठेवलंय हो जपून. आता ते गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले की आम्ही दोघंही मजल्याच्या आकड्यांकडे बघतो.

ऑपरेशन नवरात्रात ठरलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, तर बायकोने त्या ३२ टोकांच्या डबीलाही हळदकुंकू लावलं. रात्री लॅपटॉप पालथा घातला. दिसणारे नऊ स्क्रू काढले, झाकण हललं नाही. उरलेले दोन रबरी पायांच्या खाली. ते काढून झाकण उचललं तर 'कट्' असा आवाज झाला. असा आवाज दंतवैद्याच्या खुर्चीत ऐकला की माणूस आधी चूळ भरतो आणि मग विचारतो, काय तुटलं? काही तुटलं नव्हतं, चाप सुटला होता. आत दहा वर्षं. पंख्यावर धुळीची गादी, पात्यांत अडकलेली चिवड्यातली शेव आणि एक मोहरी. डीव्हीडीच्या खणात पुतण्याच्या मुंजीची डीव्हीडी. ती हरवल्याबद्दल आमचं आणि वहिनींचं दोन वर्षं जरा बरं नव्हतं.

हार्डवेअर वीस मिनिटांत झालं. एक स्क्रू उरला. तो उरतोच.

खरी लढाई त्याच्या आधीच्या तीन रात्रींची. "मामा, नवं विंडोज कोरं टाक, जुना कचरा नको," भाचा सांगत होता. मला सगळं जसंच्या तसं हवं होतं. क्लोन. पण जुन्या डिस्कवर सहाशे जीबी भरलेले आणि नवी पाचशेची. तीही जोडल्यावर ४६५ दाखवायला लागली. मी लगेच बिल हातात घेतलं. भाच्याने थांबवलं. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ने मोजतं. लबाडी कोणाचीच नाही, मापं दोन. आमच्या लहानपणी दूधवाला असंच सांगायचा.

म्हणून दीडशे जीबी मारायला बसलो. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'न्यू फोल्डर २ची कॉपी'. 'सदर अंतिम', 'सदर अंतिम नवा', 'सदर अंतिम खरा', 'सदर अंतिम खरा संपादकांनी बदललेला'. एका लग्नाचे ८०० फोटो, ज्यात आम्ही ओळखतो अशी माणसं सात. देवीच्या फोटोंवर सुप्रभात लिहिलेल्या १,१०० प्रतिमा, ज्या मी स्वतः कधी साठवल्या नाहीत आणि पुसायला हात धजेना. तिसऱ्या रात्री बायको शेजारी येऊन बसली आणि नारळ सोलावा तसं तिने तासाभरात दोनशे जीबी साफ केलं. त्यात काय गेलं, ते अजून कळायचंय.

दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं. १६ सेकंद. पासवर्ड, डेस्कटॉप, चित्रं, वर्ड, सगळं. कुकरमध्ये अजून पाणीही तापलं नव्हतं. मी पांढऱ्या कोऱ्या पानासमोर बसलो होतो आणि कर्सर माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. पहिलं वाक्य कुठं वाफ होऊन गेलं, हे सांगायला आता कोणी उरलं नव्हतं. तिसऱ्या शिट्टीपर्यंत मी तसाच बसून राहिलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, अडकला का परत?" मी हो म्हटलं.

दसरा २ ऑक्टोबरला होता. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० सोडून दिलं. बोटं मोजा, बरोबर तेरावा दिवस. विंडोज ११ टाकावं तर त्याला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, शिवाय टीपीएम नावाची चिप. माझ्या पाचव्या पिढीला ते दारातूनच परत पाठवतं. वेगाशी त्याला घेणंदेणं नाही. गाडी नव्वदने पळते पण पासिंग संपलं, म्हणून पोलिसांनी बाजूला घ्यावी तशी गत. नोंदणी केली तर वर्षभर सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात, हे पुढे कळलं. म्हणजे वर्षश्राद्धापर्यंतची सोय झाली. नंतर लिनक्स टाक, असं भाचा म्हणतो. 'टाक' म्हणतो.

आणि मग ते भाव. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्यात गेला, आणि हार्ड डिस्क जगभर महागल्या. त्याला निदान पूर कारण होता. या खेपेला एआयची डेटा सेंटरं उभी राहत आहेत आणि त्यांना मेमरीच्या चिपा खंडीने लागतात. २०२५चं साल संपता संपता रॅम आणि एसएसडी यांचे भाव असे चढले की लोक सेलच्या आठवणी काढू लागले. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशियल हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जवळजवळ तीस वर्षांचं दुकान. घाऊक गिऱ्हाईक दारात उभं असताना पावशेर मागणाऱ्याकडे कोण बघतो?

जानेवारीत मी सहज ते जुनं पान उघडलं (पाव सेकंद). माझीच पट्टी. किंमत १७,९९९ रुपये, त्यावर काट, खाली ९,४९९. शेजारी हिरव्या अक्षरात: ४७ टक्के सूट. शिल्लक तीन. चार महिन्यांत भाव दुप्पट झाला होता आणि सूट अजून चालूच होती. मी बायकोला हाक मारून दाखवलं. गेल्या वीस वर्षांत मी केलेल्या गुंतवणुकींची तिला तोंडपाठ यादी आहे: दोन शेअर, एक प्लॉट, एक सागवानाची योजना. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग खणातून पट्टी काढली, पदराने पुसली, आणि कपाटात, नथ ठेवतात त्या डबीत ठेवून दिली.

परवा भाच्याचा फोन आला. मामीने घेतला. "मामी, मामाची ती एनव्हीएमई पडूनच आहे ना? मला हवी होती. घेतली त्या भावात देऊन टाक, तसंही तुमच्या काही उपयोगाची नाही."

"देते की," ती म्हणाली. "एमआरपीवर सत्तेचाळीस टक्के सूट देते. तू घरचा." आणि जरा थांबून, "बिल हवंय का तुला?"